माकडतापाचा विषाणू: पेशीत काय चालतं आणि काजूच्या बागेत त्याचा अर्थ काय

रानवाट

काजूला मोहोर आला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापाची (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी) चर्चा सुरू होते आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. डासाने होतो का? घरात एकाला झाला तर दुसऱ्याला लागतो का? लस कुठे मिळते? उत्तरं सोपी आहेत: डासाने नाही, गोचिडीने होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही, जुनी लस बंद झाली आहे. पण ती उत्तरं तशी का आहेत हे सांगितलं जात नाही, म्हणून पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विषाणू पेशीत शिरून काय करतो आणि गोचिडीत कसा टिकतो हे एकदा नीट कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. हा धागा त्यासाठी काढतोय. इथे प्रयोगशाळेत काम करणारे, जनावरांचे डॉक्टर, आरोग्य खात्यातले लोक आहेत. प्रत्येकाने आपापल्या भागाचं लिहावं.

पाया मी घालतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. आधी पीतज्वराची शंका घेतली गेली. तपासात निघाला तो नवाच विषाणू. पीतज्वर आणि डेंगीच्याच फ्लॅव्हिव्हायरस घराण्यातला, पण त्यातल्या गोचिडीवाटे पसरणाऱ्या शाखेचा. कित्येक वर्षं तो शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांपुरता होता. २०१२ नंतर पश्चिम घाटात उत्तरेला आणि दक्षिणेला दोन्हीकडे तो सापडू लागला. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांमध्ये साथ आली, २०१६ मध्ये शेजारच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गात.

विषाणूचा कण सुमारे ५० नॅनोमीटरचा. आत आरएनएचा एकच धागा, सुमारे १०,८०० अक्षरांचा. हा धागा 'धन' जातीचा, म्हणजे पेशीचा रायबोसोम (प्रथिनं बनवणारं यंत्र) तो थेट वाचू शकतो. त्यातून ३,४१६ अमिनो आम्लांचं एकच लांबलचक प्रथिन तयार होतं आणि मग त्याचे दहा तुकडे होतात. तीन तुकडे कणाचं शरीर बनवतात: सी, पीआरएम आणि ई. उरलेले सात कामगार: एनएस१, एनएस२ए, एनएस२बी, एनएस३, एनएस४ए, एनएस४बी, एनएस५. सगळा संसार एवढ्यावरच.

आता पुढचं जाणकारांनी लिहावं. पहिला प्रश्न मीच टाकतो: कण पेशीत शिरतो कसा?

---

पेशीजाल

कणाच्या बाहेर स्निग्ध आवरण आहे आणि त्यावर 'ई' प्रथिनाच्या १८० प्रती आडव्या झोपलेल्या असतात, दोन-दोनच्या ९० जोड्यांत. पेशीच्या पृष्ठभागावरचे शर्करायुक्त रेणू, विशेषतः हेपरान सल्फेट, या प्रथिनाला धरतात. पेशी कणाला पिशवीत घेऊन आत ओढते. इथपर्यंत पेशीच्या दृष्टीने हे रोजचंच काम आहे, ती अन्नद्रव्यंही अशीच आत घेते.

गोम पुढे आहे. आत गेलेली पिशवी आम्लधर्मी होत जाते. सामू (पीएच) साधारण ६.५ च्या खाली गेला की 'ई' च्या जोड्या सुटतात, प्रथिनं उभी राहतात आणि तीन-तीनच्या गटात बांधली जातात. प्रत्येकाच्या टोकाला एक छोटा पाण्यापासून पळणारा फास असतो, तो पिशवीच्या पडद्यात रुततो. मग प्रथिन मिटतं, दोन पडदे एकमेकांत मिसळतात आणि आरएनए पेशीद्रवात सुटतो. म्हणजे पेशी गिळलेला माल पचवण्यासाठी जे आम्ल सोडते, तेच या विषाणूचं दार उघडतं.

हाच धोका बाहेर पडतानाही असतो, आणि त्यावरची विषाणूची तोड मला या सगळ्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. नवे कण आंतर्द्रव्य जालिकेत (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात) तयार होतात आणि गॉल्गी पिंडातून, म्हणजे माल बाहेर पाठवणाऱ्या भागातून, बाहेर निघतात. गॉल्गीचा शेवटचा टप्पाही आम्लधर्मीच असतो. तिथे 'ई' उघडलं तर कण पेशीतच चिकटून वाया जाईल. म्हणून त्या वेळी प्रत्येक 'ई' च्या टोकावर 'पीआरएम' प्रथिनाचं झाकण असतं. गॉल्गीत फ्युरिन नावाचं पेशीचंच एन्झाइम ते कापतं, पण कापलेला 'पीआर' तुकडा आम्लात जागेवरच चिकटून राहतो. कण पेशीबाहेर आला, सामू पुन्हा ७ च्या वर गेला, की तुकडा गळून पडतो आणि कण लागण करायला तयार होतो. फ्युरिनने कापलंच नाही तर कण काटेरी राहतो, ६० काटे, आणि तो जवळपास निरुपयोगी असतो.

स्निग्ध आवरणाचा एक व्यवहारातला अर्थ: साबण, ७० टक्के अल्कोहोल, ताजं हायपोक्लोराइट यांनी हा विषाणू सहज मरतो. माणसाच्या हातावर किंवा भांड्यावर तो टिकून घरभर पसरतो असं होत नाही. त्याला गोचीड लागते.

---

डिचोलीचे मास्तर

सोपं करून लिहिलंत, देव बरें करूं. बारावीच्या मुलांना हे सांगताना नेहमी एक अडतं. आरएनए सुटल्यावर आधी प्रथिन बनतं की आधी आरएनएच्या प्रती?

---

पेशीजाल

आधी प्रथिन, कारण आरएनएवरून आरएनए बनवणारं एन्झाइम आपल्या पेशीत नाहीच. विषाणू ते कणात घेऊनही येत नाही. म्हणून रायबोसोमने पहिल्यांदा तो धागा वाचून एनएस५ बनवायलाच हवं. धन जातीचा उघडा आरएनए पेशीत नुसता घातला तरी लागण होते, ती याच कारणाने.

लांब प्रथिन आंतर्द्रव्य जालिकेच्या पडद्यात आत-बाहेर ओवलं जातं. पडद्याच्या आतल्या बाजूचे सांधे पेशीचं सिग्नलेज नावाचं एन्झाइम कापतं, पेशीद्रवाकडचे सांधे विषाणूचं एनएस३ कापतं. एनएस३ एकटं काम करत नाही, त्याला एनएस२बीचा आधार लागतो. एनएस३ चा दुसरा अर्धा भाग आरएनएची गुंडाळी उलगडतो. मुलांना विचारा: एकाच प्रथिनात कात्री आणि उलगडणी दोन्ही कशाला? धाग्याची लांबी फक्त १०,८०० अक्षरं आहे, वेगवेगळी प्रथिनं ठेवायला जागाच नाही.

मग पडदा आत ढकलून छोट्या कोठड्या तयार होतात आणि त्यांत प्रती निघतात. धन धाग्यावरून ऋण, ऋणावरून भराभर धन. प्रत काढण्याआधी धाग्याची दोन्ही टोकं एकमेकांना जुळून वर्तुळ होतं. टोकांवरची जुळणारी अक्षरं बिघडली तर प्रत निघत नाही. म्हणून अर्धवट, तुटके धागे वाढत नाहीत.

---

सुक्ष्मा

प्रतिकाराबद्दल मी लिहिते, कारण रोगाचं स्वरूप तिथेच ठरतं.

दोन पदरी आरएनए ही पेशीसाठी धोक्याची घंटा आहे. आपल्या पेशीद्रवात तो लांबलचक स्वरूपात असायचं कारण नसतं. रिग-आय आणि एमडीए५ हे पहारेकरी तो ओळखतात, इंटरफेरॉन सुटतो, शेजारच्या पेशी सावध होतात. विषाणू याला तीन ठिकाणी अडवतो.

पहिलं, प्रती कोठडीत काढायच्या. दोन पदरी आरएनए पहारेकऱ्यांच्या हाती लागत नाही, निदान सुरुवातीला. दुसरं, आरएनएच्या टोकाला पेशीच्या स्वतःच्या एमआरएनएसारखी टोपी बसवायची. एनएस५ चा पुढचा भाग ही टोपी मिथाइल गट लावून पूर्ण करतो. टोपीत तो गट नसेल तर आयएफआयटी१ नावाचं प्रथिन परका आरएनए धरून त्याचं वाचन थांबवतं. तिसरं आणि सर्वांत परिणामकारक: एनएस५ इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोचूच देत नाही. इंटरफेरॉन बाहेरच्या रिसेप्टरला लागला तरी आतली, निरोप पुढे नेणारी जॅक-स्टॅट साखळी चालू होत नाही. माकडतापाच्या विषाणूच्या एनएस५ ने हे होतं हे पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. लागण झाल्यानंतर इंटरफेरॉन औषध म्हणून देण्यातून फारसं हाती का लागत नाही, याचं एक कारण हे.

चौथी एक गोष्ट आहे, ती गोचिडीकडे घेऊन जाते. पेशीतलं एक्सआरएन१ हे एन्झाइम नको असलेला आरएनए एका टोकापासून खात जातं. विषाणूच्या धाग्याच्या शेवटाकडे घट्ट गाठी आहेत, तिथे ते अडकतं. काही शे अक्षरांचा तुकडा शिल्लक राहतो आणि पेशीत साठतो. गोचिडीकडे इंटरफेरॉन नसतो. तिचा मुख्य बचाव आरएनएआय, म्हणजे दोन पदरी आरएनए कापून त्याच तुकड्यांनी विषाणू शोधणं. उरलेला हा तुकडा त्या यंत्रणेत अडथळा आणतो. या शाखेतल्या टिक-बोर्न एन्सेफलायटिसच्या विषाणूवर आणि लँगट विषाणूवर हे दाखवलेलं आहे. एकच तुकडा, दोन अगदी वेगळ्या प्राण्यांत उपयोगी.

---

रानवाट

डासाचा मुद्दा इथेच संपवा कुणीतरी. पंचायतीच्या बैठकीत फवारणीची मागणी होते आणि सगळं लक्ष धूर मारण्याकडे जातं.

---

सुक्ष्मा

माकडतापासाठी धूर मारून उपयोग नाही. डेंगीसाठीची कारणं वेगळी, ती चालू द्या.

डासाच्या पोटात रक्त पोकळीतच पचतं, तिथे प्रथिनं तोडणारी एन्झाइमं भरपूर असतात. गोचीड रक्त हळूहळू पेशींच्या आत घेऊन पचवते, तिच्या आतड्याची पोकळी त्या मानाने सौम्य. गोचिडीवाटे पसरणारे फ्लॅव्हिव्हायरस या वाटेला जुळलेले आहेत आणि डासाच्या पेशीत ते नीट वाढत नाहीत. उलट गोचिडीत तो आतड्यातून शरीरद्रवात, तिथून लाळग्रंथीत जातो, आणि गोचीड कात टाकून पुढच्या अवस्थेत गेली तरी टिकून राहतो. अळीला लागण झाली तर तिची पुढची अवस्थाही लागण झालेलीच असते. डास काही आठवडे जगतो. ही गोचीड वर्षभर विषाणू सांभाळते.

---

गोठा

गोचिडीचं वेळापत्रक मी लिहितो, कारण चूक तिथे होते.

मुख्य वाहक हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा. तिला आयुष्यात तीन वेळा रक्त लागतं आणि तिन्ही वेळा वेगळा प्राणी. पावसाळ्यानंतर अंड्यांतून सहा पायांच्या अळ्या निघतात आणि उंदीर, चिचुंदरी, पक्षी यांच्यावर चढतात. कात टाकून आठ पायांची निंफ होते. ती डिसेंबरपासून मेपर्यंत पातेऱ्यात (गळलेल्या सुक्या पानांत) आणि बुटक्या झुडपांवर बसलेली असते, आणि माणसाला प्रामुख्याने हीच चावते. न प्यायलेली निंफ खसखशीच्या दाण्याएवढी, म्हणून ती दिसत नाही. प्रौढ गोचिडी पावसाळ्यात गुरांवर आणि मोठ्या जनावरांवर असतात.

आता काजूचा हंगाम शेजारी ठेवून बघा. बोंडू (काजूची फळं) पडायला लागतात फेब्रुवारीत, बिया वेचणं मेपर्यंत. खाली वाकून, पातेरा हातांनी बाजूला सारत, रोज काही तास. निंफचा हंगाम आणि वेचणीचा हंगाम एकावर एक बसतात. पाळीची साथ वेचणी करणाऱ्यांतच का आली याला आणखी कारण शोधायला नको.

गुरांबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. गुरांच्या रक्तात हा विषाणू इतका वाढत नाही की नव्या गोचिडीला लागण व्हावी. पण एका गायीवर पोट भरलेली मादी गोचीड हजारांनी अंडी घालते. म्हणजे गुरं विषाणू वाढवत नाहीत, गोचिडी वाढवतात. म्हणून गुरांवरचा उपचार जानेवारीत सुरू करून उपयोग थोडा. तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत, प्रौढ गोचिडी अंगावर असताना व्हायला हवा. तेव्हा माकडतापाचं कुणाला सुचत नाही.

गोचीडनाशक फ्लुमेथ्रिन १ टक्का पोअर-ऑन: दर १० किलो वजनाला १ मिली, मानेच्या मुळापासून शेपटीपर्यंत पाठीच्या मधल्या रेषेवर ओतायचं, चोळायचं नाही, ते आपोआप पसरतं. वजन डोळ्याने ठरवू नका, आपण नेहमी कमी धरतो. टेपने छातीचा घेर आणि खांद्यापासून बसण्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ५६ आणि लांबी ४६ असेल तर साधारण २१९ किलो, म्हणजे २२ मिली. १५ मिलीत भागवलं की काही गोचिडी वाचतात आणि त्या औषधाला दाद न देणाऱ्या पिढीच्या आया होतात. ओल्या अंगावर ओतू नका, आणि नंतर जनावर काही तास छपराखाली ठेवा. पावसाळ्यात हे जमवायचं म्हणजे उघडीप बघून सकाळी कोरडं पुसून. दुधाबद्दल बाटलीवर लिहिलेला कालावधी पाळा.

---

म्हाऊसकर

मोबाइलवर एक संदेश फिरतो की गोचीड २४ तासांच्या आत काढली तर काही होत नाही. खरं का?

---

सुक्ष्मा

नाही, या रोगासाठी तो नियम नाही. तो लाइम आजाराचा आहे. त्याचा जिवाणू गोचिडीच्या आतड्यात असतो, रक्त प्यायला लागल्यावर लाळेत यायला त्याला बराच वेळ लागतो. फ्लॅव्हिव्हायरस आधीच लाळग्रंथीत बसलेला असतो. याच शाखेतल्या पोवासान विषाणूच्या उंदरांवरच्या प्रयोगात १५ मिनिटांत लागण झाली. शिवाय लाळेतली प्रथिनं चावलेल्या जागी दाह आणि इंटरफेरॉन दाबून ठेवतात, त्वचेतल्या पेशी विषाणूला आयत्या मिळतात.

लवकर काढणं तरी हवंच. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत तोंडापाशी धरायचं आणि सरळ, सावकाश ओढायचं. पिळायचं नाही. रॉकेल, चुना, पेटती काडी काहीही लावू नका, त्रास झाला की ती लाळ आणखी सोडते. बोटांनी चिरडू नका. काढून झाल्यावर साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. ताप यायचा तर साधारण तीन ते आठ दिवसांत येतो, डॉक्टरला ती तारीख उपयोगी पडते.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, मोजे पँटवर ओढलेले, हातापायांना आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल. तेलाचा असर काही तासांचा असतो. सकाळी सातला लावलं तर दुपारच्या जेवणानंतर पुन्हा लावायला हवं, घामाने ते जातंच. पातेऱ्यावर बसून जेवू नका. घरी आल्यावर कपडे कॉटवर न टाकता थेट गरम पाण्यात, आणि आंघोळीत साबणाने घासताना काखा, गुडघ्याच्या मागे, कमरेची नाडी, कानामागे बघा.

---

रानवाट

माकडांचं राहिलं. गावात वानर आणि खेती (लाल तोंडाची माकडं) दोन्ही मरतात, पण लोक म्हणतात माकड मेल्यावरच ताप येतो, म्हणजे माकडच आणतं.

---

गोठा

माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो, त्यामुळे त्याच्यावर पोट भरणाऱ्या गोचिडींना एका वेळी मोठ्या संख्येने लागण होते. माकड मेलं की शरीर थंड होतं आणि गोचिडी खाली उतरतात. ती जागा म्हणजे लागण झालेल्या गोचिडींचा अड्डा. त्या कात टाकून पुन्हा भुकेल्या होतात तेव्हा तिथून जाणारा पुढचा प्राणी त्यांचा. म्हणून मेलेलं माकड दिसलं की हात लावू नका, काठीनेही ढकलू नका, कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नका. वनखात्याला आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. नमुने घेणं, शव जाळणं आणि जागेभोवती मॅलॅथिऑनची भुकटी टाकणं हे संरक्षक कपडे घालून करायचं काम आहे. त्या जागेची पायवाट तो हंगाम बंद ठेवावी.

माणसाच्या बाबतीत ही साखळी तुटते. आपल्या अंगावरून पुढच्या गोचिडीला विषाणू मिळण्याची वेळ सहसा येत नाही. माणूस हा या विषाणूचा शेवटचा थांबा.

---

पिपेट

तपासणीवर मी लिहितो. 'रिपोर्ट निगेटिव्ह आला' यात अनेकदा रोग नसल्यापेक्षा नमुना चुकीच्या दिवशी घेतल्याची शक्यता जास्त असते.

पहिल्या टप्प्यात विषाणू रक्तात असतो: अचानक जोराचा ताप, डोकं आणि पाठ फुटते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, कधी नाकातून वा हिरड्यांतून रक्त. या आठ-दहा दिवसांत आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी. आयजीएम (लागणीनंतर आधी तयार होणारी) प्रतिद्रव्यं साधारण पाचव्या दिवसापासून सापडतात. त्यामुळे पाचव्या दिवसानंतरच्या रुग्णाचे दोन्ही करा. दहा ते वीस टक्के रुग्णांत ताप उतरून एक-दोन आठवडे बरं वाटतं आणि मग दुसरा टप्पा येतो: पुन्हा ताप, मान ताठरणं, हात थरथरणं, भ्रम. तोवर रक्तातला विषाणू गेलेला असतो. अशा रुग्णाचा फक्त पीसीआर केला तर तो निगेटिव्हच येणार.

सत्तरीत दुसरी अडचण म्हणजे डेंगीचं झटपट किट. त्यातली प्रतिद्रव्यं डेंगीच्या एनएस१ ला ओळखायला बनवलेली असतात. माकडतापाचा विषाणूही एनएस१ रक्तात सोडतो, पण किटला तो दिसत नाही. रेषा येत नाही, प्लेटलेट मात्र कमी, आणि 'व्हायरल आहे' म्हणून माणूस घरी जातो. उलट आयजीजी (दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिद्रव्यांच्या) चाचणीत गोंधळ दुसऱ्या बाजूने होतो. 'ई' वरचा तो रुतणारा फास सगळ्या घराण्यात जवळपास सारखाच, त्यामुळे पूर्वी डेंगी झालेल्याची आयजीजी इतरांनाही चिकटू शकते. डिसेंबर ते मे, बागेत किंवा रानात जाणारा माणूस, ताप आणि प्लेटलेट कमी: माकडतापाचा नमुना पाठवाच. लेप्टो, मलेरिया आणि स्क्रब टायफस सोबत तपासा, त्यांना औषध आहे.

नमुना: ४ ते ५ मिली रक्त, साध्या किंवा जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. हिरव्या झाकणाची नळी नको, त्यातलं हेपरिन पीसीआरचं एन्झाइम अडवतं. २ ते ८ अंशांवर, तीन आवरणांत, फॉर्मसह. फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख नसेल तर निकालाचा अर्थ लावता येत नाही. ही एक रिकामी चौकट सर्वांत जास्त नुकसान करते.

प्रयोगशाळेत आरएनए काढताना नेहमीच्या स्तंभ पद्धतीत १४० मायक्रोलिटर सीरम ५६० मायक्रोलिटर लायसिस बफरमध्ये, कॅरियर आरएनएसह, १० मिनिटं खोलीच्या तापमानाला. या बफरमधलं ग्वानिडिन विषाणूचं आवरण फोडतं. हे सगळं जैवसुरक्षा कपाटातच. या विषाणूची प्रयोगशाळेत लागण झाल्याच्या नोंदी कमी नाहीत, आणि जिवंत विषाणू वाढवण्याचं काम वरच्या दर्जाच्या बंदिस्त प्रयोगशाळांचं, जसं पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही). नंतर ५६० मायक्रोलिटर इथेनॉल, दोन धुण्या, ६० मायक्रोलिटरमध्ये काढणं. दुसऱ्या धुणीनंतर रिकामा स्तंभ पूर्ण वेगाने एकदा फिरवायला लोक कंटाळतात. इथेनॉल उरलं की पीसीआर दबतो आणि कमी विषाणूचा नमुना निगेटिव्ह दिसतो. प्रत्येक फेरीत पाण्याचा एक नमुना सुरुवातीपासून सोबत न्या, आणि मानवी जनुकाचं नियंत्रण लावा. नियंत्रण आलं नाही तर तो निकाल निगेटिव्ह नाही, अवैध आहे.

सीटी आकड्याबद्दल (पीसीआरच्या कितव्या चक्रात विषाणू दिसला) नेहमी विचारतात. साधारण ३.३ चक्रं म्हणजे दहापट फरक. २२ आणि ३२ मध्ये विषाणूचा फरक सुमारे हजारपट. पण उशिरा किंवा उष्णतेत आलेल्या नमुन्याचा ३२ हा रोग सौम्य असल्याचा पुरावा धरू नका.

उपचारात एवढंच सांगतो: विषाणूवर थेट औषध नाही, पाणी-क्षार आणि रक्तस्रावावर लक्ष हाच उपचार. मृत्यूचं प्रमाण तीन ते पाच टक्के. तापाला पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन अजिबात नको, प्लेटलेट आधीच कमी असतात.

---

म्हाऊसकर

लस बंद का झाली? आणि विषाणू बदलतोय म्हणून बंद झाली का?

---

पेशीजाल

जुनी लस कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवून फॉर्मेलिनने मारलेल्या विषाणूची होती. दोन डोस महिन्याच्या अंतराने, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग दरवर्षी. शिमोग्यातल्या २००५ ते २०१० च्या आकडेवारीत दोन डोसांचं संरक्षण ६२.४ टक्के आणि बूस्टरसह ८२.९ टक्के निघालं. एका डोसाने उपयोग दिसला नाही. सुई दुखायची, लोक दुसऱ्या डोसाला येत नसत, आणि पुढे परिणामही घटलेला दिसला. २०२२ च्या सुमारास ती वापरातून गेली. नव्या लसीवर आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) काम चालू आहे.

बदलाबद्दल: एनएस५ चुका तपासत नाही. दर दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक, म्हणजे दर काही प्रतींमागे एखादा बदल होतोच. तरीही हा विषाणू हळू बदलतो, कारण प्रत्येक बदल गोचिडीत आणि सस्तन प्राण्यात, दोन्हीकडे चालायला हवा. एकीकडे फायद्याचा बदल दुसरीकडे मारक ठरतो आणि गाळला जातो. १९९० च्या दशकात सौदी अरेबियात सापडलेला अल्खुर्मा विषाणू याचा अगदी जवळचा नातलग आहे, मध्ये एवढा समुद्र असून. आपल्याकडे रोग पसरला तो विषाणू नवा झाला म्हणून, असं म्हणायला आधार नाही. जंगलाच्या कडेला बागा, गुरं आणि माणसं दाट झाली की गोचीड आणि माणूस जास्त वेळा भेटतात.

---

डिचोलीचे मास्तर

एक व्यवहाराचं. वाळपईच्या पलीकडच्या गावातून शनिवारी संध्याकाळी नमुना घेतला आणि गाडी सोमवारी असेल तर तो फ्रीजरमध्ये ठेवावा का?

---

पिपेट

अख्खं रक्त फ्रीजरमध्ये कधीच नको. लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन सीरममध्ये उतरतं आणि तेही हेपरिनसारखंच पीसीआर अडवतं. साध्या नळीतलं रक्त अर्धा तास उभं ठेवून गोठू द्या, सेंट्रिफ्यूज असेल तर फिरवून सीरम वेगळ्या निर्जंतुक नळीत घ्या. त्याचेही दोन भाग करा, एक पीसीआरला आणि एक आयजीएमला, म्हणजे एकच नळी पुन्हा पुन्हा उघडावी लागणार नाही. दोन्ही २ ते ८ अंशांवर सोमवारपर्यंत ठेवा, लसींच्या फ्रीजमध्ये नव्हे, नमुन्यांच्या वेगळ्या फ्रीजमध्ये. सोमवारच्या पुढे जाणार असेल तरच सीरम उणे ८० वर, आणि तेही एकदाच गोठवायचं. सेंट्रिफ्यूज नसेल तर नळी न हलवता तशीच उभी फ्रीजमध्ये ठेवा आणि शीतपेटीत बर्फाच्या पॅकला थेट चिकटणार नाही अशी मध्ये जाड कापडाची घडी घाला.